लहान सीए ऑफिससाठी क्लायंट आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर: आधी न झालेली बिलं शोधा

फोंड्याहून एका तरुण सीएने विचारलं आहे: ऑफिसात मी, एक सहायक आणि दोन आर्टिकल (सीए होण्याआधी ऑफिसात शिकणारी मुलं). दीडएकशे क्लायंट. कामांची यादी एक्सेलमध्ये, बिलं टॅलीत, कागदपत्रं व्हॉट्सअ‍ॅपवर. फीची थकबाकी वाढत चालली आहे आणि कोणाचं काय राहिलं ते वेळेवर कळत नाही. क्लायंट सांभाळणं आणि बिलिंग, दोन्ही करणारं कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

मी म्हापशात सव्वीस वर्षं प्रॅक्टिस करतोय. त्यातली शेवटची बारा-तेरा वर्षं सॉफ्टवेअरवर काढली आणि या काळात ते तीनदा बदललं. म्हणून नावांकडे जाण्याआधी तुम्हाला एक काम सांगतो. येत्या रविवारी ऑफिस बंद असताना बसा आणि गेल्या आर्थिक वर्षात तुमच्या हातून गेलेल्या कामांची यादी करा. आठवून करू नका, जिथे नोंद झाली आहे तिथून उतरवा. आयकर रिटर्नांची यादी तुमच्या टॅक्स सॉफ्टवेअरमध्ये आहे, जीएसटी रिटर्नांची पोर्टलवर. सर्टिफिकेटांची यादी यूडीआयएन (प्रत्येक सर्टिफिकेटाचा वेगळा ओळख नंबर) पोर्टलवर तयारच मिळते, कारण १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्येक सर्टिफिकेटला तो नंबर काढावा लागतो. आता प्रत्येक कामापुढे तुमच्या बिलाचा नंबर लिहा.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा ज्यांच्यापुढे नंबर लिहिता आला नाही अशा कामांची दोन पानं भरली. नेटवर्थ सर्टिफिकेट, परदेशी पैसे पाठवताना लागणारं १५सीबी, नोटिशीला दिलेलं उत्तर, बँकेला घाईने दिलेलं प्रोजेक्शन. कोणी फी बुडवली नव्हती. आम्ही मागितलीच नव्हती. थकबाकीची चिंता करत होतो आणि गळती तिच्याही आधी होत होती. तुमच्याकडेही हेच निघेल असं मला वाटतं. निघालं, तर सॉफ्टवेअरकडून तुम्हाला मुख्यतः एकच गोष्ट हवी आहे: काम ‘झालं’ अशी खूण पडली की ते ‘बिल करायचं राहिलं’ या यादीत आपोआप गेलं पाहिजे आणि बिल होईपर्यंत तिथून हलता कामा नये. विक्रेता डॅशबोर्डाचे रंग दाखवत असेल तेव्हा तुम्ही ही यादी दाखवायला सांगा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये कामाचा भाग आणि बिलाचा भाग शेजारी शेजारी असतात, पण एकमेकांशी जोडलेले नसतात.

दुसरी गोष्ट आपल्या गोव्याची. तुम्हाला ती पाठ आहे, पण सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते. इथे पोर्तुगीज नागरी संहितेमुळे पती-पत्नीची मिळकत सामाईक. त्यामुळे आयकर कायद्याच्या कलम ५ए प्रमाणे पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांच्या रिटर्नात निम्मं-निम्मं जातं. जोडीदाराचा पॅन लागतो, टीडीएसचा (पैसे देणाऱ्याने आधीच कापलेल्या कराचा) वाटाही तसाच विभागावा लागतो, आणि अशा माणसाला आयटीआर-१ चा साधा फॉर्म चालत नाही. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या आयकर अधिनियम २०२५ मध्येही ही तरतूद आहे, कलमाचा नंबर तेवढा बदलला.

याचा सॉफ्टवेअर निवडण्याशी थेट संबंध आहे. बहुतेक सॉफ्टवेअर एक पॅन म्हणजे एक क्लायंट असं धरून चालतं. आपल्याकडे नवऱ्याच्या दुकानाचा हिशेब पक्का झाल्याशिवाय बायकोचं रिटर्न भरताच येत नाही, कारण तिच्या रिटर्नात त्याचा निम्मा नफा यायचा असतो. एका आर्टिकलने त्याचं काम घेतलं, दुसऱ्याने तिचं, आणि दोघांनी वेगवेगळे आकडे धरले तर नोटीस ठरलेली. त्यात दोघं मिळून एका फर्ममध्ये भागीदार, मुलगा बोटीवर, सासऱ्यांच्या नावावर घर आणि त्याचं भाडं. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ‘कुटुंब’ किंवा ‘ग्रुप’ असायलाच हवा. नुसतं नाव जोडता येणं पुरेसं नाही. एकाचं काम अडलं की दुसऱ्याचंही अडलेलं दिसलं पाहिजे, आणि बिल निघताना विचारता आलं पाहिजे की दोघांचं मिळून एक काढू की वेगवेगळं. संपर्काची व्यक्तीही पॅनधारकापेक्षा वेगळी ठेवता आली पाहिजे. तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, सहा-आठ महिने समुद्रावर असतो, त्याचे सगळे कागद आणि पैसे त्याची बायको किंवा आई बघते. आठवणीचा मेसेज त्याच्या बंद नंबरावर जात राहिला तर काय उपयोग?

आता बिलिंग. इथे मी जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या धंद्यातली बिलं किराणा दुकानासारखी नसतात आणि सर्वसाधारण बिलिंग सॉफ्टवेअर इथेच अडखळतं. (तुमची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि जीएसटी नोंदणी घेतली नसेल, तर यातला जीएसटीचा भाग तूर्त सोडून द्या.)

एक: टीडीएस. समजा एखाद्या कंपनीला ६०,००० फी लावली. १८ टक्के जीएसटी १०,८००, बिल ७०,८०० चं. कंपनी फीवर १० टक्के, म्हणजे ६,००० टीडीएस कापते आणि खात्यात ६४,८०० येतात. जीएसटी वेगळा दाखवला असेल तर त्याच्यावर कापायचा नसतो. साधं सॉफ्टवेअर हे ६,००० थकबाकी म्हणून दाखवत राहतं. वर्षाअखेरीस अशा खोट्या थकबाकीची एवढी गर्दी होते की खरी थकबाकी शोधता येत नाही. पैसे जमा करतानाच टीडीएस वेगळ्या खान्यात टाकता आला पाहिजे आणि पुढे २६एएसशी, म्हणजे आयकर खात्याकडच्या टीडीएसच्या नोंदीशी, जुळवायला क्लायंटवार यादी मिळाली पाहिजे. १ एप्रिल २०२५ पासून व्यावसायिक फीवरच्या टीडीएसची मर्यादा ३०,००० वरून ५०,००० झाली, त्यामुळे कोण कापतो आणि कोण नाही हेही बदललं आहे. सॉफ्टवेअरने ते गृहीत धरू नये, तुम्हाला ठरवू द्यावं.

दोन: क्लायंटच्या वतीने भरलेले पैसे. आरओसीची (कंपनी निबंधकाची) फी, मुद्रांक, चलन. जीएसटी नियम ३३ प्रमाणे ‘प्युअर एजंट’ म्हणून ते दाखवले तर त्यांच्यावर कर लागत नाही. पण क्लायंटने तसा अधिकार दिलेला हवा, जेवढे भरले तेवढेच घ्यायला हवेत आणि बिलात ते वेगळे दिसायला हवेत. सॉफ्टवेअरमध्ये बिनकराची ओळ नसेल तर ऑफिसातली मुलं सगळं एकत्र करून १८ टक्के लावतात, क्लायंट चिडतो आणि तो बरोबर असतो. आमच्याकडे एका वर्षी असंच झालं. एका फोनवर सगळं उघड झालं आणि सोळा बिलं दुरुस्त करावी लागली.

तीन: टॅक्स इनव्हॉइस कधी काढायचं. ही खरी डोकेदुखी. ३१ मार्चला २५,००० चं बिल काढलं की ४,५०० जीएसटी २० एप्रिलला खिशातून भरायचा, आणि क्लायंट पैसे देणार चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आसपास. म्हणून बरेच जण आधी प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं बिल, पाठवतात आणि पैसे आले की टॅक्स इनव्हॉइस काढतात. सॉफ्टवेअरमध्ये प्रोफॉर्मा वेगळा ठेवण्याची आणि एका क्लिकने त्याचं इनव्हॉइस करण्याची सोय असावी. पण त्या सोयीच्या आधाराने वर्षभर प्रोफॉर्मावर बसून राहू नका. काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत इनव्हॉइस काढायचं असतं, आणि तुम्ही ते काढलं नाही म्हणून कराची तारीख पुढे जात नाही. महिन्याच्या ठरलेल्या फीवर चालणाऱ्या क्लायंटसाठी नियम थोडा सोयीचा आहे. तीन महिन्यांहून जास्त चालणारं काम असेल आणि करारात पैसे देण्याची तारीख लिहिलेली असेल, तर इनव्हॉइस त्या तारखेपर्यंत काढायचं असतं. म्हणजे एंगेजमेंट लेटरात (क्लायंटशी केलेल्या कामाच्या करारात) तारीख विचार करून लिहा आणि सॉफ्टवेअरला तीच तारीख द्या. आणि हे पक्कं ध्यानात ठेवा की पैसे बुडाले तर भरलेला जीएसटी परत मिळत नाही. क्रेडिट नोट त्यासाठी नसते.

बिलांचे नंबर एकाच ठिकाणी बनले पाहिजेत. नवं सॉफ्टवेअर घ्याल आणि ‘मोठी बिलं टॅलीतच राहू दे’ म्हणाल, तर सहा महिन्यांत एकच नंबर दोन बिलांवर येईल आणि जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं जीएसटी रिटर्न) भरताना कळेल. तसंच क्लायंटचा पत्ता राज्यासह अचूक भरा. जीएसटीतले राज्यांचे कोड बघा: सावंतवाडी, दोडामार्गचा क्लायंट २७, कारवारचा २९, आपण ३०. नोंदणी नसलेल्या क्लायंटचासुद्धा नोंदीतला पत्ता पाहूनच आयजीएसटी (परराज्यातला) की सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातला) ते ठरतं. दोडामार्गचा माणूस रोज डिचोलीला दुकान उघडतो म्हणून कोणी त्याचा पत्ता डिचोली लिहितो आणि सगळं चुकतं.

ई-इनव्हॉइसच्या (सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाच्या) नावाने महागडा प्लॅन गळ्यात मारायला येतील. त्याची मर्यादा ५ कोटी उलाढालीची आहे, तुम्हाला गरज नाही.

नावं विचारलीत म्हणून सांगतो. टॅलीप्राइम आणि झोहो बुक्स बिलं आणि येणी नीट सांभाळतात, पण कोणाचं कुठलं रिटर्न राहिलं ते त्यांचं काम नाही. विनमन, कॉम्प्युटॅक्स, जीनियस ही रिटर्न भरायची साधनं. जामकूसारखी काही खास भारतीय सीए ऑफिसांसाठीच बनलेली आहेत: ड्यू डेट, कामं, डीएससीची (डिजिटल सहीची) नोंद, बिल, सगळं एकत्र. तुमच्या आकाराच्या ऑफिसला माझा सल्ला या शेवटच्या जातीतलं एखादं घेण्याचा आहे. बिलं तिथूनच काढा आणि टॅली फक्त स्वतःच्या हिशेबापुरती ठेवा. परदेशी प्रॅक्टिस सॉफ्टवेअर दिसायला देखणी असतात, पण ती तासावर बिल लावणाऱ्या ऑफिसांच्या कल्पनेतून आलेली. आपल्याकडे फी कामावर ठरते. आर्टिकलांकडून पाच-पाच मिनिटांच्या नोंदी घेण्यात काही महिने घालवाल आणि हाती काही लागणार नाही. टाइमशीट ठेवायचीच तर ऑडिटसाठी ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी फी ठरवताना आधार मिळेल.

वसुलीबद्दल एक गोष्ट कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला सांगणार नाही. गोव्यात पैशाला हंगाम आहे. किनाऱ्यावरच्या शॅकवाल्याकडे नोव्हेंबरपासून मेपर्यंत पैसा खेळतो. ट्रॉलरवाल्याची १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आणि नेमकं तेव्हाच त्याचं रिटर्न आपल्या टेबलावर. या दोघांना एकाच तारखेला एकसारखा ‘आपली थकबाकी आहे’ मेसेज पाठवणं मला बरं वाटत नाही, आणि त्याने पैसेही येत नाहीत. आठवणीची तारीख क्लायंटप्रमाणे बदलता येते का ते बघा. खाणी २०१२ ला आणि पुन्हा २०१८ ला बंद पडल्या तेव्हा आमच्या ट्रकवाल्या क्लायंटांचे स्वयंचलित मेसेज मी बंद करून ठेवले होते. त्यातले बरेच जण अजून आमच्याकडे आहेत. दुसऱ्या बाजूला, मोठ्या कंपन्या आणि हॉटेलं उगाच लांबवतात. त्यांच्यासाठी स्वतःच्या ऑफिसची उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) करून घ्या आणि तो नंबर प्रत्येक बिलावर छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत, तर त्यांना तो खर्च आयकरात प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच मिळतो. सेवा देणाऱ्यांनाही हा नियम लागू आहे. त्यांचा अकाउंटंट हे जाणतो. बिलाच्या खाली या नियमाची एक ओळ छापता येते की नाही, एवढं विक्रेत्याला विचारा.

माझा सगळ्यात कडू अनुभव डेटाचा आहे. २०१८ साली एका छोट्या कंपनीचं क्लाउड सॉफ्टवेअर घेतलं होतं. काम चांगलं चालायचं. तीन वर्षांनी त्यांचा मेल आला की सेवा बंद करत आहोत, ३० दिवसांत डेटा उतरवून घ्या. बिलं मिळाली, पण सगळी पीडीएफ. कोणाचं काय काम कधी झालं, कोणी काय कागद दिला, नोटिशींची उत्तरं कुठे, हा इतिहास एक्सेलमध्ये निघतच नव्हता. आर्टिकलांनी रात्री बसून जेवढं जमलं तेवढं हाताने उतरवलं. ती मुलं परीक्षेच्या तयारीत होती, याचं मला आजही वाईट वाटतं. ऑडिटची कागदपत्रं रिपोर्टाच्या तारखेपासून ७ वर्षं जपायची असतात, जीएसटीच्या नोंदी वार्षिक रिटर्नाच्या मुदतीपासून ७२ महिने. एवढी वर्षं विक्रेता टिकेल असं धरून चालू नका. पैसे भरण्याआधी ट्रायलमध्ये स्वतः बसून क्लायंट, कामं, बिलं, जमा, चारही गोष्टी एक्सेलमध्ये उतरवून पाहा. ‘विनंती केल्यास देऊ’ असं उत्तर आलं तर ते सॉफ्टवेअर सोडून द्या. आणि घेतल्यावर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ही प्रत काढून ऑफिसातल्या डिस्कवर ठेवा.

तीच प्रत दुसऱ्या कारणासाठीही लागते. पावसाळ्यात आपल्याकडे वीज आणि इंटरनेट किती वेळा जातं ते तुम्ही जाणता. म्हणून पूर्ण डेस्कटॉप घ्या असं मी म्हणणार नाही, कारण एकाच कॉम्प्युटरवर सगळं असेल आणि त्यावर वीज पडली तर आणखी वाईट. क्लाउडच घ्या, पण मोबाईलच्या नेटवर ते चालतं का ते बघा आणि मुदतीच्या आठवड्यात आजच्या कामांची यादी सकाळीच छापून ठेवा.

पासवर्डांकडे वळतो. दीडशे क्लायंटांचे आयकर, जीएसटी, ट्रेसेस (टीडीएसचं पोर्टल) असे तीन-तीन पासवर्ड तुमच्या त्या एक्सेलमध्ये आहेत ना? आणि ती शीट मागे सोडून गेलेल्या आर्टिकलच्या फोनवरही असेल. क्लायंटची माहिती त्याच्या संमतीशिवाय बाहेर जाणं हे चार्टर्ड अकाउंटंट्स अधिनियम १९४९ च्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे गैरवर्तन आहे. पण कायद्याआधी, त्या माणसाने विश्वासाने आपल्या हाती घराची किल्ली दिलेली आहे. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन हवं, कोणी कुठला पासवर्ड कधी पाहिला याची नोंद हवी, आणि ऑफिस सोडणाऱ्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद करता आलं पाहिजे. डीएससी टोकन कोणाचं, कपाटात आहे की क्लायंटकडे, मुदत कधी संपते, हेही तिथेच लिहा.

आणखी एक बारीक परीक्षा: देवस्थान समितीच्या किंवा पतसंस्थेच्या नावाने देवनागरीत बिल काढून पाहा. पुष्कळ सॉफ्टवेअर स्क्रीनवर मराठी नीट दाखवतात आणि पीडीएफमध्ये जोडाक्षरं फोडतात. समितीच्या सभेत ते बिल वाचलं जातं, तिथे ‘श्री’ तुटलेला दिसलेला मला चालत नाही.

बदलाची वेळ चुकवू नका. २०२३ ला चवथ १९ सप्टेंबरला आली, जीएसटीचं मासिक रिटर्न ३बी २० तारखेला आणि टॅक्स ऑडिटची मुदत त्याच महिन्याच्या अखेरीस. अशा दिवसांत नवीन सॉफ्टवेअर सुरू केलं तर सगळेच वैतागून पुन्हा एक्सेलवर जातील. दिवाळीनंतर क्लायंटची यादी साफ करा: मेलेले पॅन, दुबार नावं, जुने फोन. हे काम कंटाळवाणं आहे आणि तुम्ही स्वतः करायला हवं, कारण कोण कोणाचा कोण लागतो ते तुम्हालाच माहीत. जानेवारीत वीस क्लायंट नव्या सॉफ्टवेअरवर घ्या, मार्चपर्यंत बाकीचे. बिलं मात्र १ एप्रिलपासूनच तिथून काढा, म्हणजे नंबरांची मालिका नव्या वर्षाबरोबर सुरू होईल. नव्या आयकर कायद्यात आकारणी वर्षाऐवजी ‘कर वर्ष’ आलं आहे. जुन्या वर्षांची कामं अजून काही काळ चालतील, तेव्हा दोन्ही नावं शेजारी दिसतील अशी सोय आहे का तेही विचारा.

डेमोला बोलवाल तेव्हा त्यांची तयार उदाहरणं पाहत बसू नका. नावं बदलून स्वतःचे पाच क्लायंट घेऊन बसा: ५ए मधलं एक जोडपं, एक शॅकची भागीदारी, एक पतसंस्था, सावंतवाडीचा एक व्यापारी, एक तारवटी. प्रत्येकाचं एक काम टाका, पूर्ण झालं म्हणून खूण करा, बिल काढा, त्यातल्या एकाचे पैसे टीडीएस कापून जमा करा, एकाचं चलन बिनकराच्या ओळीत दाखवा आणि शेवटी सगळं एक्सेलमध्ये उतरवा. माउस विक्रेत्याच्या हातात देऊ नका, तुमच्या सहायकाला चालवू द्या. रोज त्यालाच ते वापरायचं आहे. तासाभरात त्याला हे जमलं तर वर्षाचे पैसे भरा, पाच वर्षांचे एकदम नको.